माशांच्या टाकीचे पाणी आणि घरी वाढवलेले जिवंत खाद्य

जलमंजिरी (पुणे)

जुलै महिन्यातल्या एका रविवारी मी टाकीतले निम्मे पाणी काढले, नळाचे ताजे पाणी बादलीने भरले आणि स्वयंपाकघरात गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा सहाही एंजल मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते, त्यांच्या कल्ल्यांची झाकणे भराभर उघडमीट करत होती आणि तळाशी फिरणारा कोरिडोरा एका कुशीवर पडला होता. संध्याकाळपर्यंत चार एंजल गेले. आठ वर्षे मी त्याच नळाचे पाणी त्याच टाकीत तसेच्या तसे घालत आले होते. मात्र तोवर एका वेळी पाचवा हिस्साच पाणी बदलत असे, त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे असा माझा समज झाला होता.

पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणात गढूळ पाणी येते, त्याबरोबर माती, पालापाचोळा आणि रोगजंतूही येतात, म्हणून जलशुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. माणसांच्या आरोग्यासाठी ते अत्यावश्यक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. आपल्या पोटाला तेवढ्याने काही होत नाही, परंतु माशाच्या कल्ल्याची पातळ त्वचा सतत त्या पाण्याच्या संपर्कात असते आणि तेवढा क्लोरीनही तिला जाळतो. पाणी तयार करण्याची जबाबदारी आपली आहे, हे मी त्या दिवशी शिकले. नव्याने टाकी आणणाऱ्या कोणाला हा धडा मासे गमावून शिकावा लागू नये, म्हणून हा धागा काढते आहे.

क्लोरीन घालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वेळेचा आहे. रुंद तोंडाच्या पिंपात किंवा टबात पाणी भरून त्यात एअर पंपाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड सोडावा आणि २४ तास तसेच चालू ठेवावे. झाकण लावलेल्या अरुंद कॅनमध्ये नुसते ठेवलेले पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही पुरते मोकळे झालेले नसते. दुसरा मार्ग हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा आहे. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये हेच स्फटिक वापरत, त्यामुळे जुन्या दुकानदारांना हायपो हेच नाव कळते. टाकीत अंदाजाने चिमूटभर स्फटिक टाकण्यापेक्षा मी १ लिटर पाण्यात १० ग्रॅम हायपो विरघळवून ते द्रावण गडद बाटलीत, चिठ्ठी चिकटवून ठेवते आणि नव्या पाण्याच्या दर लिटरला त्यातले १ मिलिलिटर घालते. १ मिलिग्रॅम क्लोरीन निकामी करायला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे या मात्रेत लिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन जातो. मात्रा थोडी अधिक झाली तर बिघडत नाही. द्रावण दर दोन महिन्यांनी नवे करावे.

मात्रा मोजायची तर टाकीत पाणी किती मावते हे माहीत हवे. लांबी, रुंदी आणि पाण्याची प्रत्यक्ष उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि १००० ने भागावे. दुकानात 'दोन बाय एक बाय एक फूट' म्हणून मिळणारी टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटरची असते, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की तीत पंचेचाळीसच्या आसपास लिटर पाणी उरते.

आता या धाग्याचे खरे कारण. त्या रविवारनंतर मी एक सवय लावून घेतली आहे आणि ती आजवर मोडलेली नाही. गच्चीत सावलीत माझ्या मोईनांचा टब असतो. मोईना म्हणजे पाण्यातल्या पिसवा, साधारण मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव, माशांचे उत्तम खाद्य. नवे पाणी तयार झाले की त्यातले पेलाभर घेते, ड्रॉपरने त्यात दहा मोईना सोडते आणि पेला खिडकीशी ठेवते. पाणी निर्दोष असेल तर त्या झटक्याझटक्याने वर उसळतात, जराशा खाली येतात, पुन्हा उसळतात. क्लोरीन राहिला असेल तर हळूहळू तळाशी बसतात. भिंगातून पाहिले तर पायांची थरथर तेवढी दिसते आणि मग तीही थांबते. क्लोरीनच्या बाबतीत मोईना माशांहूनही नाजूक आहेत. तीन तासांनी दहाच्या दहा हिंडताना दिसल्या तरच ते पाणी मी टाकीत घालते. पाण्याची परीक्षा आणि माशांचे खाणे एकाच टबातून मिळत असल्यामुळे हे दोन विषय मी वेगळे काढत नाही.

पहिलीटाकी (नाशिक)

ताई, आमच्या घरी मुलीच्या हट्टापायी दोन महिन्यांपूर्वी टाकी आली. दर रविवारी आम्ही मासे बादलीत काढतो, टाकी, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतो आणि पूर्ण नवे पाणी भरतो. पाणी एक दिवस साठवलेले असते. तरीही तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होते आणि आतापर्यंत पाच गोल्डफिश दगावले आहेत. एवढी स्वच्छता ठेवूनही असे का होते, हे समजत नाही.

जलमंजिरी

तुम्ही मनापासून कष्ट घेत आहात, परंतु टाकीला ज्यांची सर्वाधिक गरज आहे तेच जीव दर रविवारी धुऊन जात आहेत. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. स्पंजवर, खडीवर आणि काचेवर वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्राइटने तर रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट बराच सौम्य असतो आणि तो आठवड्याला थोडे पाणी बदलून काढता येतो. नव्या टाकीत या जिवाणूंची वस्ती पुरेशी होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमची टाकी दोन महिन्यांची असली तरी दर रविवारी तिचे वय पुन्हा शून्य होते. तिसऱ्या दिवशी दिसणारा दुधाळपणा म्हणजे सडणाऱ्या अन्नावर एकदम फोफावलेले वेगळेच जिवाणू असतात.

यापुढे मासे बाहेर काढू नका. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी नळीने तळाच्या खडीतून ओढून काढा, म्हणजे साचलेली घाणही निघेल. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनतीनदा पिळा आणि परत बसवा. तो थोडा तपकिरी राहिला तरी राहू द्या. नव्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांहून अधिक फरक नसावा, नाशिकच्या थंडीत याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. सध्या एक दिवसाआड खायला घाला, तेही दोन मिनिटांत संपेल इतकेच. शक्य असेल तर ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, त्याने पुष्कळ आठवडे वाचतात.

काळीमाती (लातूर)

आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येते, त्यामुळे वर्षभर बोअरच्या पाण्यावरच टाक्या चालवाव्या लागतात. क्लोरीनचा प्रश्न येत नाही, परंतु बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही, इतके ते जड आहे. मी तीन वेळा निऑन टेट्रा आणले आणि तिन्ही वेळा महिन्याभरात गमावले. गप्पी आणि मोली मात्र त्याच पाण्यात वाढत आहेत. घरातल्या आर. ओ. यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरले तर चालेल का? ते टाकून द्यावेसे वाटत नाही.

जलमंजिरी

वाया जाणाऱ्या पाण्यात तुमच्या बोअरमधले क्षार अधिकच एकवटलेले असतात, त्यामुळे टाकीसाठी ते वापरू नका. लादी पुसायला ते चालेल. यंत्रातून गाळून आलेले पाणी उलट जवळजवळ क्षाररहित असते आणि नुसते तेवढेच वापरले तर त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) टिकत नाही, एकाएकी घसरतो. निऑन ठेवायचेच असतील तर एक भाग बोअरचे आणि तीन भाग गाळलेले असे मिश्रण करता येईल, पण दर आठवड्याला ते प्रमाण पाळावे लागेल.

खरे सांगायचे तर ज्या भागात जसे पाणी आहे तसे मासे निवडावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांना जड पाणी मानवते, तुमच्याकडे त्यांची वीण उत्तम होईल. बोअरच्या पाण्याबद्दल मात्र दोन सूचना कराव्याशा वाटतात. खोल जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कर्बवायू जास्त असतो, म्हणून तेही २४ तास हवा देऊन मगच वापरावे आणि सामू त्यानंतर मोजावा, कारण कर्बवायू उडाला की तो वर चढतो. दुसरी सूचना अमोनियाविषयी आहे. २५ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपासचाच भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे जड, अल्कधर्मी पाण्यात उरलेल्या खाद्याची शिक्षा दहापट असते. तुमच्या टाकीत खाद्य कमी पडलेले चालेल, पण जास्त पडता कामा नये.

सातासमुद्रापार (न्यू जर्सी)

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. अमेरिकेतल्या अनेक शहरांत नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते पाणी एक दिवस सोडाच, आठवडाभर ठेवले तरी भरवशाचे होत नाही. पुण्यात आजोबांकडे शिकलेली पाणी साठवण्याची पद्धत मी येथे पहिल्या वर्षी डोळे झाकून वापरली आणि एक पूर्ण टाकी गमावली. नुसत्या हायपोने क्लोरामाइनमधला क्लोरीन जातो, पण त्याच्याशी बांधलेला अमोनिया मोकळा होतो. म्हणून अमोनियालाही निरुपद्रवी करणारे कंडिशनर घ्यावे लागते. परदेशातल्या वाचकांनी आपल्या पाणीपुरवठ्याचा वार्षिक गुणवत्ता अहवाल पाहावा, त्यात हे लिहिलेले असते.

जलमंजिरी

ही माहिती फार महत्त्वाची आहे, मनापासून आभार. एकदा एका सदस्याने नळाच्या पाण्यात तुरटी फिरवून ते टाकीत घातल्याचे लिहिले होते, तेही या निमित्ताने नोंदवते. तुरटीने गाळ बसतो, पण पाण्यात ॲल्युमिनियम येते आणि सौम्य पाण्याचा सामू झटकन उतरतो. टाकीच्या पाण्याला तुरटी लावू नये.

आता खाद्याकडे वळते. डब्यातले कोरडे खाद्य वाईट नसते, मोठ्या माशांचे रोजचे पोषण त्यावर व्यवस्थित होते. जिवंत खाद्याची खरी गरज दोन ठिकाणी पडते: जोडी अंड्यावर येण्यापूर्वीचे काही आठवडे आणि पिल्लांचे पहिले काही दिवस. फायटर माशाचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा जेमतेम तीन मिलिमीटरचे असते आणि न हलणारे अन्न त्याच्या लेखी अन्नच नसते. त्याला आधी सूक्ष्मजीव लागतात, ज्यांना आपण इन्फ्युझोरिया म्हणतो.

त्यांची कृती सोपी आहे, घरातल्यांना वास मात्र सोसावा लागतो. रुंद तोंडाच्या बरणीत निरोगी टाकीतले पाणी घ्यावे, त्यात केळीच्या सालीचा अंगठ्याएवढा तुकडा किंवा भाताच्या पेंढ्याच्या चारपाच काड्या टाकाव्यात आणि टाकीतल्या शेवाळाचा एक गोळा त्यात पिळावा. तोंडावर पातळ कापड बांधावे, नाहीतर डास अंडी घालतात. दोनतीन दिवस पाणी पांढरे आणि दुर्गंधीयुक्त होते. तो जिवाणूंचा काळ असतो आणि त्या अवस्थेतले पाणी पिल्लांना घातले तर ती मरतात. पाचव्या-सहाव्या दिवशी दुर्गंधी ओसरते आणि पाणी पुन्हा पारदर्शक होऊ लागते. रात्री दिवा मालवून बरणीमागे काळे कापड धरावे आणि बाजूने टॉर्च मारावा. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगावी तसे कण दिसतात, फक्त हे कण आपापल्या दिशेने जात असतात. ते दिसले की ड्रॉपरने थोडे थोडे, दिवसातून तीनचार वेळा द्यावे.

मोईनांसाठी वीसएक लिटरचा टब पुरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डॅफ्निया या थोरल्या पाणपिसवेपेक्षा मोईना कितीतरी सहज टिकते. टब सावलीत ठेवावा, पाणी क्लोरीनमुक्त असावे आणि हवा द्यायचीच तर मोठ्या बुडबुड्यांची द्यावी, कारण बारीक बुडबुडे त्यांच्या कवचाखाली अडकून त्यांना वर तरंगत ठेवतात. खाद्य म्हणून हिरवे पाणी, म्हणजे उन्हात ठेवून सूक्ष्म शेवाळाने हिरवे झालेले टाकीचे जुने पाणी, सर्वोत्तम. ते नसेल तर पावाचे यीस्ट कोमट पाण्यात कालवून २० लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक नाही. पाणी किंचित धुरकट झाले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी निवळले पाहिजे. निवळले नसेल तर त्या दिवशी काहीही घालू नये. बहर आला की रोज चौथा हिस्सा गाळून काढावा. न काढल्यास गर्दीनेच टब बसतो, म्हणजे सगळ्या मोईना एकदम मरतात. मोईना लालसर दिसू लागल्या तर अनेकांना आनंद होतो, पण तो पाण्यात प्राणवायू कमी झाल्याचा संकेत आहे: तेव्हा त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात. माशांना अशा मोईना चालतात, टबाचे पाणी मात्र त्याच दिवशी अर्धे बदलावे.

मिठागर (उरण)

आर्टेमियाविषयी मी लिहितो, कारण एंजलची पिल्ले मी गेली बारा वर्षे त्याच्यावरच वाढवत आहे. आर्टेमिया मिठागरांसारख्या अतिखाऱ्या पाण्यात जगणारा जीव आहे, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतूनही त्याची शास्त्रीय नोंद झालेली आहे. दुकानात त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात. प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली बुड कापून उलटी टांगावी, एअर पंपाची नळी पार बुचापर्यंत सोडावी, लिटरला २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि लिटरला फार तर दोन ग्रॅम अंडी टाकावीत. हवा इतकी जोरात हवी की एकही अंडे तळाशी बसता कामा नये. २६ ते २८ अंश तापमानात, वर दिवा ठेवला तर २४ ते ३६ तासांत पिल्ले निघतात आणि बाटलीतले पाणी नारिंगी दिसू लागते.

नवखे लोक पुढच्या पायरीवर घाई करतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाच्या टोकाशी बसतात. बाटलीला बाजूने काळा कागद गुंडाळून खालच्या भागात फक्त एक फट ठेवावी आणि तिथे टॉर्च धरावा. पिल्ले उजेडाकडे ओढली जातात आणि त्या फटीशी नारिंगी ढग जमतो. तो ढग बारीक नळीने ओढून दाट विणीच्या सुती कापडावर गाळावा, गोड्या पाण्याने धुवावा आणि लगेच टाकीत घालावा. टरफले पोटात गेली तर लहान पिल्लांचे आतडे तुंबते, म्हणून हा सारा खटाटोप करायचा. पहिल्या काही तासांत आर्टेमियाच्या अंगात पिवळ्या बलकाचा साठा असतो. सकाळी निघालेली पिल्ले रात्री दिली तर त्यातले बरेच पोषण संपलेले असते. गोड्या पाण्यात ती काही तासांतच मरतात आणि तळाशी कुजतात, तेव्हा माशांच्या पिल्लांची पोटे नारिंगी झाली की हात आखडता घ्यावा.

तळकोकण (सावंतवाडी)

आपण सर्वांनी ट्युबिफेक्सचे, म्हणजे गाळात राहणाऱ्या बारीक लाल अळ्यांचे, नावही घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. मी वर्षानुवर्षे दुकानातून तो लाल गोळा आणतो, मासे त्यावर तुटून पडतात आणि महिन्याभरात जोड्या तयार होतात. इतका त्रास घेऊन मोईना वाढवण्याची गरज काय?

जलमंजिरी

दादा, मासे त्याच्यावर तुटून पडतात हे खरे आहे आणि त्यावर वाढतातही. माझा आक्षेप तो येतो कुठून यावर आहे. ट्युबिफेक्स अळ्या सांडपाण्याच्या नाल्यांच्या, सेंद्रिय गाळाने भरलेल्या तळाशी राहतात. त्याच गाळातले जिवाणू आणि जड धातू त्यांच्या अंगात असतात. काही मत्स्यपरजीवींच्या जीवनचक्रातला एक टप्पाही या अळ्यांत पूर्ण होतो. वापरायच्याच असतील तर पसरट थाळीत, बारीक धारेच्या क्लोरीनमुक्त पाण्याखाली किमान तीन दिवस ठेवाव्यात, रोज मेलेल्या अळ्यांचा राखाडी थर काढून टाकावा आणि गोळा हलवल्यावर झटकन आखडणाऱ्याच अळ्या द्याव्यात. त्यानेही आतड्यातली घाण कमी होते, जोखीम संपत नाही. पिल्लांच्या टाकीत मी त्या कधीच घालणार नाही.

तळ्यातून गाळून आणलेल्या खाद्याबद्दलही मी तितकीच सावध असते. एका उन्हाळ्यात गावच्या तळ्यातून आणलेल्या पिसवांबरोबर चतुराची एक अळी माझ्या टाकीत आली. नखाएवढी होती, झाडाच्या मुळाशी दडून राहिली आणि तीन आठवड्यांत सुमारे चाळीस गप्पी पिल्ले फस्त करून बोटाच्या पेराएवढी झाली. बारीक पिल्ले पकडणारा हायड्रा, माशांवरची ऊ आणि माशाच्या अंगात रुतणारा नांगरकिडा हेही याच वाटेने येतात.

गावकूस (पालघर)

मी आरोग्य विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहितो. माशांसाठी डासांच्या अळ्या मुद्दाम वाढवण्याचे सल्ले मी अनेक ठिकाणी वाचले आहेत. कृपया तसे करू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. एक दिवस गाळायचे राहून गेले तरी शेजाऱ्याचे मूल तापाने फणफणू शकते. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, हे आम्ही दारोदार सांगत फिरलो, ते याच कारणासाठी. भिंतीभिंतींवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' असे रंगवले जाई, कारण गप्पी अळ्या खातो. तेव्हा अळ्यांकडे मासा न्यावा, माशासाठी अळ्या वाढवू नयेत.

जलमंजिरी

काका, आपण हे लिहिलेत हे फार बरे झाले. हिरव्या पाण्याच्या आणि मोईनांच्या टबावरही बारीक जाळी ताणून बांधावी, ही सूचना मी मूळ लेखातच द्यायला हवी होती. आमच्या सोसायटीत तपासणीला येणाऱ्या ताईंना मी दर वेळी स्वतः टब दाखवते.

गप्पींबद्दल एक जोडावेसे वाटते. ते मूळचे आपल्याकडचे नव्हेत. बंदिस्त हौदात ते उपयोगी पडतात, परंतु जास्त झालेली पिल्ले ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत; सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये आपले स्थानिक मासे आधीच अडचणीत आहेत. जास्तीची पिल्ले दुकानदार किंवा दुसरा छांदिष्ट आनंदाने घेतो.

पहिलीटाकी

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. मासे बाहेर काढणे बंद केले, स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळतो आणि ओळखीच्या एका गृहस्थांकडून जुन्या स्पंजचा तुकडा आणला होता. चाचणीसंचात काल पहिल्यांदा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. उरलेले दोन्ही गोल्डफिश उत्तम आहेत. आता मुलगी मोईनांसाठी मागे लागली आहे. त्यांचे विरजण कुठे मिळेल? आणि टब बसलाच तर पुन्हा सुरुवात कशी करायची?

जलमंजिरी

तुमचा निरोप वाचून फार आनंद झाला. दोन गोल्डफिशना पुढे मोठी टाकी लागेल, त्याची तयारी आत्तापासून ठेवा.

टब कधीतरी बसतोच, म्हणून एकाऐवजी दोन टब ठेवावेत आणि दोघांना एकाच दिवशी एकच खाद्य घालू नये. शिवाय पाणी बिघडू लागले की मोईना एरवीपेक्षा वेगळी, जाड कवचाची टिकाऊ अंडी घालतात. पाठीवर तपकिरी खोगीर घातल्यासारखी ती मादीच्या अंगावर दिसतात आणि मग गळून तळाशी बसतात. म्हणून बसलेल्या टबाचा गाळ ओतून देऊ नका. तो वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत तारीख घालून ठेवा. पुढे क्लोरीनमुक्त पाण्यात चमचाभर गाळ टाकून उजेडात ठेवला की काही दिवसांत पहिल्या मोईना दिसतात. माझ्याकडचा आत्ताचा टब अशाच दीड वर्ष जुन्या पुडीतून उठलेला आहे.

विरजण मी देईन. पुण्याला येणार असाल तेव्हा विचारपुशीत (इथल्या माझ्या निरोपांच्या पानावर) आधी कळवा. लिटरभराची स्वच्छ बाटली आणा, साबणाने धुतलेली नको. ती मी अर्धीच भरून देईन, म्हणजे वर हवा राहील. प्रवासात ती उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या काचेशी ठेवू नका. घरी पोहोचल्यावर टबातले पाणी बाटलीत थोडे थोडे घालत तासाभराने सगळे टबात सोडा. मात्र त्याआधी टबातले पाणी पेल्यात घ्या आणि बाटलीतल्या दहा मोईना मुलीच्या हाताने त्यात सोडून पाहा.